सगा कोण, सोयरा कोण? गोंदियातून पाहिलेला नात्यांचा इतिहास

आजचा विषय तसा घरगुती आहे. नातीगोती, लग्न, बाईचं घर कोणतं. यावर प्रत्येकाचं काही ना काही मत असतंच, त्यामुळे व्याख्यान देणाऱ्याची जरा पंचाईत होते. तरीही आम्ही हा विषय घेतला, कारण घरात जे 'आपलं असंच असतं' म्हणून चालतं, त्यालाही इतिहास असतो. तो इतिहास पाहायला गोंदिया जिल्हा फार चांगली जागा आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. २६ जानेवारी २०२४ ला महाराष्ट्र शासनाने एक मसुदा अधिसूचना काढली आणि 'सगेसोयरे' हा शब्द रातोरात घराघरात पोहोचला. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत, जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जुळलेले नातेवाईक, अशी त्याची व्याख्या त्या मसुद्यात होती. त्या वादात आज आपल्याला शिरायचं नाही. लक्षात एवढंच घ्यायचं की नातं कशाला म्हणायचं हा प्रश्न सरकारलाही कागदावर सोडवावा लागतो, आणि तो सोपा नाही.

आता हा जोडशब्द फोडून बघा. मराठीत सगा म्हणजे रक्ताचा. सगा भाऊ, सगी बहीण. सोयरा म्हणजे लग्नाने जोडलेला. पण गोंदियाहून पूर्वेला निघा, सालेकसा ओलांडा, छत्तीसगडात उतरा. तिथे 'सगा आले' म्हणतात तेव्हा व्याही मंडळी आलेली असतात, पाहुणे आलेले असतात. गोंड समाजातही सगा म्हणजे ज्यांच्याशी लग्नसंबंध होतो ते. आपल्या एका शब्दाचा अर्थ शंभर किलोमीटरच्या आत उलटा होतो! हा अपघात नाही. त्याच्यामागे नात्याकडे पाहण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि गोंदिया नेमका त्या दोन पद्धतींच्या सांध्यावर बसलेला आहे.

जिल्हा म्हणून गोंदिया नवा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत सव्वातेरा लाखांच्या आसपास लोकसंख्या. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. झाडीपट्टीचा हा भाग धानाचा, तळ्यांचा, जंगलाचा. एकाच गावात पोवार, कुणबी, लोधी, कोहळी, बौद्ध, हलबा आणि गोंड राहतात, आणि लग्नाच्या बाबतीत प्रत्येकाचा हिशेब थोडा वेगळा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक होतं, आणि दिवसा ओसरीवर बसून पुढच्या उन्हाळ्यातल्या लग्नांची बोलणी निघतात. त्या ओसरीवर कोणता प्रश्न आधी विचारला जातो, तिथूनच आपला इतिहास सुरू होतो.

गोंडाच्या ओसरीवर पहिला प्रश्न असतो: किती देवाचे?

म्हणजे काय? गोंड समाजाची कुळं देवांच्या संख्येनुसार गटांत वाटलेली आहेत. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या चार गटांची गोंडी नावं दिली आहेत. नालवेन, सिवेन, सरवेन आणि येरवेन. चार, पाच, सहा आणि सात. नियम साधा आहे. ज्यांचे देव सारखे ते भाऊभाऊ. आडनाव वेगळं असो, गाव दोनशे कोस दूर असो, भेट आज पहिल्यांदा झालेली असो, ते भाऊच. त्यांच्यात लग्न नाही. लग्न दुसऱ्या देवसंख्येच्या गटात. काही भागांत हे गट सम आणि विषम असे समोरासमोर मांडतात, काही ठिकाणी फक्त सहा आणि सात एवढाच हिशेब उरला आहे. तपशील बदलतो, पण जगाची वाटणी तीच राहते. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला सगा. तिसरा प्रकारच नाही.

ही वाटणी कोणी केली? याचं गोंड परंपरेतलं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळ, धनेगावच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशातून लोक येतात. कथा अशी की काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती. जंगो रायतार या स्त्रीने त्यांच्यासाठी धडपड केली, पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, शिकवलं, आणि मग त्यांना कुळांमध्ये वाटून दिलं. कथेची रूपं अनेक आहेत. नागपूरला असलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६३ पूर्वी प्रधान भाटांकडून लिंगोचं एक दीर्घ आख्यान उतरवून घेतलं होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेम्पल यांनी छापलं. त्यातही गोंड कोंडले जातात, लिंगो त्यांना सोडवतो आणि लग्नाचे नियम लावून देतो.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण या कथेला तारीख चिकटवणार नाही. पण ती काय सांगते ते ऐकायला हवं. माणसं गुहेतून बाहेर आली एवढ्याने समाज होत नाही. कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा सगा हे ठरलं, तेव्हा समाज झाला. १९४९ मध्ये क्लोद लेवी-स्ट्रॉस या फ्रेंच अभ्यासकाने नातेसंबंधांवरचा आपला गाजलेला ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा जवळजवळ हाच आहे. आपल्या घरातल्या मुलीशी लग्न नाही, ती दुसऱ्या घरात जाणार आणि दुसरीकडची आपल्याकडे येणार, या देवाणघेवाणीतून समाज उभा राहतो. कचारगडच्या यात्रेत हे ऐकलं तर कोणाला फार नवल वाटणार नाही! पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी लेवी-स्ट्रॉसला एक नेमका प्रश्न केला: ही देवाणघेवाण करणारे कोण, आणि दिली-घेतली जाणारी कोण? तो प्रश्न आपण खिशात ठेवू, शेवटी लागणार आहे.

आता मराठी घराकडे वळू. इंग्रजीत सगळे एकजात 'कझिन'. आपल्याकडे चुलत, मावस, आते, मामे. चार वेगळे शब्द का लागतात? कारण लग्नाच्या हिशेबात ते सारखे नाहीत. चुलत आणि मावस म्हणजे भाऊ-बहीणच. पण मामाची मुलगी? तिथे महाराष्ट्रातल्या बऱ्याच जातींत लग्न चालतं, एके काळी तर तो हक्कच समजला जाई.

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी देशाचे नातेव्यवस्थेनुसार चार विभाग पाडले. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत लग्न अनोळखी घरात करायचं, जवळच्या नात्यात अजिबात नाही. दक्षिणेत लग्न ओळखीच्या घरात, मामा-आत्याच्या घरात. महाराष्ट्र मधल्या विभागात, दोन्हींच्या मिश्रणात. म्हणजे मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा नाही. त्यामागे 'वेल परत फिरू नये' अशा अर्थाची समजूत सांगतात. लेक ज्या घरी दिली त्या घरून लेक आणायची नाही.

पण भाषा मोठी चुगलखोर असते. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्याला काय म्हणायची? मामंजी. आणि सासूला? आत्याबाई. हिशेब करून पाहा. मुलाने मामाची मुलगी केली, तर त्या मुलीची सासू ही खरोखरच तिची आत्या झाली. म्हणजे आत्याबाई बरोबर. पण मामंजी? सासरा खरोखर मामा असायचा तर मुलीने मामाच्या मुलाशी लग्न केलेलं पाहिजे, म्हणजे मुलाच्या बाजूने ती आत्याची मुलगी. जी 'चालत नाही' ती! आमच्या मते हे दोन शब्द मिळून अशा व्यवस्थेची आठवण जपून आहेत जिथे लग्न दोन्ही दिशांनी व्हायचं आणि आत्याचा नवरा हाच मामा असायचा. आजही अनेक घरांत आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. नियम बदलला, शब्द मागे राहिला.

गोंडांकडे मात्र वेल परतलीच पाहिजे. मामा-आत्याच्या मुलांच्या लग्नाला आपल्या भागात आणि लगतच्या छत्तीसगड-मध्य प्रदेशात 'दूध लौटावा' म्हणतात. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये काढला, त्यात या चालीची नोंद आहे. वेगवेगळ्या भागांत हे नाव दोन्ही दिशांच्या लग्नांना लावलेलं दिसतं, पण भाव एकच आहे. एका पिढीत एका घराने लेक दिली, ते दूध पुढच्या पिढीत परतलं पाहिजे. एकाच धुऱ्याला लागून शेती असलेल्या दोन घरांत, एका घरी वेल परतू नये आणि दुसऱ्या घरी दूध परतावं. दोघांनाही वाटतं की आपलंच नैसर्गिक.

जगात पाहिलं तर हा गोंधळ आणखी वाढतो. अरब समाजांत चुलत बहिणीशी लग्न उत्तम मानलं गेलं, म्हणजे आपल्याकडे ज्याची कल्पनाही करवत नाही ते. दक्षिण सुदानमधल्या न्युएर लोकांत, इव्हान्स-प्रिचर्डने नोंदवल्याप्रमाणे, मूल न होणारी एखादी स्त्री गुरं देऊन दुसऱ्या स्त्रीशी रीतसर लग्न करू शकते, आणि त्या बायकोच्या मुलांचा 'बाप' तीच मानली जाते. उलट साम्यंही चकित करणारी आहेत. अमेरिकेतल्या लुईस हेन्री मॉर्गन या वकिलाने सेनेका इंडियनांच्या नात्यांच्या शब्दांचा अभ्यास केला, मग मिशनऱ्यांकडून तमिळ-तेलुगू शब्द मागवले, आणि १८७१ च्या ग्रंथात दाखवलं की दोन्हीकडे काकाला बापाच्या आणि मावशीला आईच्या गटात घालतात. मधे अख्खा महासागर! यावरून त्याने काढलेले वंशाचे निष्कर्ष टिकले नाहीत, पण निरीक्षण टिकलं. नातं हे फक्त रक्त नाही. रक्ताची कशी मोजणी करायची याचा तो करार आहे.

आता बाईच्या जागेकडे येऊ. गोंड समाजात पूर्वापार वराकडून वधूच्या घरी मूल्य देण्याची चाल होती. ज्याच्याजवळ द्यायला नसे तो मुलगा लमसेना व्हायचा, काही ठिकाणी लमझना म्हणतात. होणाऱ्या सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबायचं आणि मग लग्न. विधवेचं लग्न होत असे, काडीमोड होत असे. का? इस्टर बोसरप या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० मध्ये एक सूत्र मांडलं. जिथे शेतीत बाईचं काम मोठं, तिथे वराला मूल्य द्यावं लागतं, आणि जिथे ते कमी, तिथे हुंडा येतो. रोवणीच्या दिवसांत गोंदियाच्या कोणत्याही बांधीत पाहा. चिखलात वाकलेल्या रांगेत बहुतेक बायाच. तेंदूपानाला बाया, मोहफुलाला बाया, विडी वळायला बाया. मुलगी गेली की घराचे दोन हात गेले, त्याची भरपाई हवी, हे तर्काला धरून आहे.

पण इथे थांबू नका, कारण पुढची पायरी घसरडी आहे. 'म्हणजे आदिवासी बाई स्वतंत्र होती' असं चटकन म्हटलं जातं. तसं सरळ नाही. बाईने नवरा सोडून दुसरं घर केलं, तर नव्या नवऱ्याने पहिल्याला भरपाई द्यायची असे. म्हणजे तिला जाता येत होतं, पण तिचा हिशेब पुरुषांच्या आपसातच चालायचा. आणि बोसरपचं सूत्रही सगळीकडे लागू पडत नाही. त्याच बांधीत राबणाऱ्या इतर जातींच्या घरांतही हुंडा शिरलाच. बाईच्या हातचं काम तेवढंच राहिलं, पण मुलाच्या नोकरीचा भाव वाढला. १९६१ चा हुंडाबंदी कायदाही त्याला पुरा पडला नाही.

कायद्याचं नाव निघालंच आहे, तर एक जुनी गोष्ट सांगतो. पाट किंवा मोहतूर लावण्याची चाल महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत होतीच. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला. तो ज्यांच्यात अशी लग्नं होत नव्हती त्या जातींसाठी सुधारणा होता. पण त्यात एक कलम होतं: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपला. मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या न्यायालयांनी हे कलम, ज्यांच्यात पाट आधीपासूनच चालत होता, त्या जातींनाही लावलं. एकीला मिळालेली सवलत दुसरीच्या मुळावर आली. सुधारणेच्या इतिहासात ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९५५ चा हिंदू विवाह कायदा सख्ख्या चुलत, मावस, मामे, आते भावंडांचं लग्न निषिद्ध ठरवतो, पण जिथे रूढी परवानगी देते तिथे सूट देतो. म्हणून मामेबहिणीशी लग्न आजही कायदेशीर ठरू शकतं. आणि अनुसूचित जमातींना, केंद्राने वेगळी अधिसूचना काढली नाही तर, हा कायदा लागूच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही तेच. हेतू चांगला होता, आदिवासींच्या रूढींत बाहेरच्यांनी हात घालू नये. परिणाम काय झाला? त्याच धुऱ्यावरच्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. पोवार किंवा कुणबी घरातल्या मुलीला १९५६ ने वारसा दिला, १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित जमिनीत भावाच्या बरोबरीने हिस्सा दिला. शेजारच्या गोंड घरातल्या मुलीला यातलं काहीच नाही. तिला सांगितलं जायचं: तुमच्यात मुलीला देण्याची रूढी असेल तर सिद्ध करा. लिहून न ठेवलेली रूढी, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर.

९ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयासमोर आदिवासी मुलीच्या वारशाचं एक प्रकरण आलं. न्यायालयाने कायद्याची अडचण मान्य केली, हिस्सा दिला नाही, पण केंद्राने दुरुस्तीचा विचार करावा असं सांगितलं. मग १७ जुलै २०२५ चा निकाल आला. प्रकरण छत्तीसगडातल्या सरगुजाचं, कुटुंब गोंड. आईच्या वडिलांच्या जमिनीत आईचा हिस्सा मागत मुलं कोर्टात गेली होती. खालच्या न्यायालयांनी ते म्हणणं फेटाळलं, कारण मुलीला वारसा देणारी रूढी सिद्ध झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला. मुलीला वगळणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी. ती सिद्ध नसेल, तर केवळ बाई म्हणून हिस्सा नाकारणं समतेच्या हक्काला धरून नाही. या निकालात १८७५ च्या मध्य प्रांत कायद्यातल्या न्याय, समन्याय आणि सद्‌सद्विवेक या तत्त्वाचाही विचार झाला. १८७५ मध्ये आपला भंडारा जिल्हाही त्याच मध्य प्रांतात होता. म्हणजे जुना इतिहास धूळ खात पडलेला नसतो. सव्वाशे वर्षांपेक्षा जुना कायदा एखाद्या बाईच्या धानाच्या बांधीपर्यंत येऊन पोहोचतो.

आणखी एक गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. गोंदियासारख्या जंगलाच्या जिल्ह्यात, अनेक आदिवासी घरांत बाईचं नाव जमिनीच्या कागदावर या वाटेने येऊ शकतं.

यावर एक आक्षेप असतो, आणि तो प्रामाणिक आहे. लेकीला जमीन दिली तर ती दुसऱ्या गावात, कदाचित दुसऱ्या समाजात जाईल. ज्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या हातची गेली, त्यांची ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाऊ नये यासाठी महाराष्ट्रात वेगळे कायदे आहेत. ते नीट राबवण्याचं ओझं बहिणीच्या हिश्श्यावर टाकावं का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या ओसरीवर विचारावा. आणि दूध परतण्याची ज्या समाजाची कल्पना आहे, त्याला लेकीचं घर परकं नाही हे कोणी बाहेरच्याने शिकवायची गरज नाही.

आता त्या ओसरीवर एक नवा प्रश्नही आला आहे. किती देवाचे, यासोबत 'सिकलसेलची तपासणी केली का?' पूर्व विदर्भात हा आजार बऱ्यापैकी आढळतो. आई आणि बाप दोघंही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाचं वर्तुळ जितकं लहान, तितका असा जोडा जुळण्याचा संभव जास्त. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यात तपासणी करून कार्ड दिलं जातं. लग्नाआधी दोन्ही कार्डं जुळवून पाहणं म्हणजे परंपरा मोडणं नव्हे. 'हे चालतं, हे चालत नाही' असा हिशेब आपले पूर्वज करतच होते, त्यात एक रकाना वाढला.

शेवटी खिशातला प्रश्न बाहेर काढतो. देणारे कोण आणि दिली जाणारी कोण? आपल्यापैकी अनेकांनी जात पडताळणीसाठी वंशावळ तयार केली असेल. काढून पाहा. पणजोबा, आजोबा, वडील, काका, भाऊ. आजीचं नाव आहे का? आत्याचं? तिची मुलं कुठे गेली? नात्याचा सगळा व्यवहार जिच्यामुळे जुळला, तीच कागदावर नाही. कचारगडच्या कथेत निदान काली कंकाली आहे, जंगो रायतार आहे.

या मंडईला घरी मोठी माणसं जमतील. एक कोरा कागद घ्या, आजीजवळ बसा आणि तिला विचारून तिच्या बाजूची वंशावळ काढा. ती कोणत्या गावची, तिची आई कोणत्या घरची, तिच्या बहिणी कुठे दिल्या. तीन पिढ्यांच्या मागे जाणं अवघड जाईल, आणि ते का अवघड जातं हाच आजच्या व्याख्यानाचा सारांश आहे.